परसात आलेली पाहुणी

खेड्यात असो वा शहराच्या कडेला वसलेल्या वस्तीत असो, एखाद्या सकाळी घरामागच्या परसात एक अनोळखी कोंबडी दाणे टिपताना दिसते. ती कोणाची, कोठून आली, हे कोणालाच सांगता येत नाही. घरातील मुले तिच्यामागे धावतात. ती कुंपणापर्यंत पळते आणि मुले पाठमोरी झाली की पुन्हा माघारी येते. आजी शेजारीपाजारी विचारून पाहते. 'आमची नव्हे' असेच उत्तर सगळीकडून मिळते. दुपारी मोरीपाशी सांडलेली शिते ती वेचते, दिवेलागणीला पेरूच्या फांदीवर चढून बसते आणि चार दिवसांनी लाकडांच्या ढिगाआड एक अंडे सापडते. अंडे सापडले की वाद मिटतो. पाहुणी आता घरची झाली, हे सगळे मनोमन मान्य करतात.

हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की त्यात इतिहास म्हणण्याजोगे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी आणि अनुवंशशास्त्रज्ञांनी जे शोधून काढले आहे ते पाहता, मनुष्य आणि कोंबडी यांची पहिली ओळख जवळजवळ याच रीतीने झाली असावी असे दिसते. माणसाने रानात जाऊन कोंबडी पकडली व तिला दावणीला बांधले, असे घडलेले नाही. ती आपल्या पायांनी आली, आणि माणसाने तिला हुसकून लावले नाही. ज्या पक्ष्याची संख्या आज पृथ्वीवर अडीच हजार कोटींहून अधिक आहे, म्हणजे दर माणशी तीन पडतील इतकी आहे, त्या पक्ष्याच्या संसाराचा आरंभ असा एका अनाहूत भेटीत झाला. त्या भेटीतून पुढे काय निष्पन्न झाले, आणि आलेल्या पाहुणीला यजमानाने कसे वागविले, याचा हा थोडक्यात आढावा आहे.

नव्या कोंबडीचा स्वीकार घरची माणसे जितक्या सहजपणे करतात, तितक्या सहजपणे घरच्या कोंबड्या करीत नाहीत. त्या तिला टोचतात, दाण्यावरून हाकलतात, रात्री बसण्याच्या जागेवरून ढकलतात. या भांडणांत एक शिस्त असते, हे प्रथम शास्त्रीय रीतीने मांडले ते थॉर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने. लहानपणापासून तो कोंबड्यांचे निरीक्षण करीत असे आणि १९२२ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक कळपात कोणी कोणाला टोचावे व कोणी निमूटपणे टोचून घ्यावे याचा एक क्रम ठरलेला असतो. तो ठरला की भांडणे कमी होतात, आणि नवखी कोंबडी आली की तिची पायरी ठरेपर्यंत पुन्हा सुरू होतात, असे त्याने दाखविले. माणसांच्या कचेऱ्यांत व समाजांत दिसणाऱ्या वरिष्ठ-कनिष्ठतेच्या उतरंडीची चर्चा करताना जगभरचे अभ्यासक पुढे जो शब्द वापरू लागले, तो या खुराड्यातूनच आला.

मग प्रश्न उरतो तो मालकीचा. रस्ता चुकून आलेली कोंबडी कोणाची? हा प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु प्राचीन रोमन कायद्याने त्याचा गंभीरपणे विचार केला होता. सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेने ५३३ साली जो विधिग्रंथ सिद्ध झाला, त्यात वन्य प्राण्यांवरील मालकीची चर्चा आहे. रानटी पशुपक्षी जोवर आपल्या ताब्यात आहेत तोवरच आपले; निसटले की ते पुन्हा कोणाचेच नाहीत, असा सामान्य नियम त्यात सांगितला आहे. मात्र कोंबड्या आणि हंसक यांच्या बाबतीत हा नियम लागू नाही. त्यांचा स्वभाव रानटी नव्हे. त्या घाबरून उडून गेल्या, मालकाच्या दृष्टीआड झाल्या, तरी जेथे असतील तेथे त्या त्याच्याच राहतात. आणि स्वतःच्या लाभासाठी जो त्यांना ठेवून घेईल तो चोर ठरतो. रोमन कायद्याची ही परंपरा पोर्तुगालच्या १८६७ च्या दिवाणी संहितेच्या वाटेने गोव्यापर्यंत पोहोचली आहे.

या नियमामागे एक महत्त्वाची समजूत आहे. कोंबडी ही स्वभावतःच घरची, तिला रान ठाऊक नाही, असे रोमन पंडितांनी गृहीत धरले होते. त्यांच्या देशात रानकोंबडी नव्हतीच, म्हणून त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. आपल्याकडे मात्र हा भेद फार जुना आहे. मनुस्मृतीत अभक्ष्य पदार्थांच्या यादीत 'ग्रामकुक्कुट' असा शब्द येतो. निषेध आहे तो गावात उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्याचा. 'ग्राम' हे विशेषण लावण्याची गरज पडली, याचाच अर्थ असा की रानातला त्याचा भाऊबंद त्या काळच्या लोकांना चांगला परिचित होता.

हा रानातला भाऊबंद नेमका कोणता? गॅलस या कुळात चार जाती आहेत. श्रीलंकेतील एक आणि जावा व त्याच्या आसपासच्या बेटांवरील हिरवट पिसांची एक, या दोन आपल्या विषयाच्या बाहेरच्या. उरलेल्या दोन्ही भारतात आढळतात. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व व मध्य भारतातील जंगलांपर्यंत आणि पुढे ब्रह्मदेश, सयाम, दक्षिण चीन येथपर्यंत पसरलेला आहे. राखी रानकोंबडा हा पश्चिम आणि दक्षिण भारताचा. सह्याद्रीच्या रानांत, सत्तरी, खानापूर, आंबोली या भागांत पहाटे त्याची तुटक, घोगरी बांग ऐकू येते. पिएर सोन्नेरा या फ्रेंच प्रवाशाने अठराव्या शतकात भारतात हिंडून त्याचे वर्णन केले, म्हणून शास्त्रीय नावात सोन्नेराचे नाव त्याला चिकटले. घरगुती कोंबड्यांचा मूळपुरुष हाच, असेही त्या काळी काहींचे मत होते.

चार्ल्स डार्विनने ते मत खोडून काढले. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यात होणाऱ्या बदलांवरील आपल्या ग्रंथात त्याने कोंबड्यांना एक संपूर्ण प्रकरण दिले. निरनिराळ्या जातींचे संकर करून, त्यांची हाडे मोजून, पिसांचे रंग ताडून पाहून त्याने असा निर्णय दिला की जगातील साऱ्या पाळीव कोंबड्या एकट्या तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या आहेत. या कामी त्याला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड ब्लाइथ याच्या पत्रांचा मोठा उपयोग झाला. ब्लाइथने तुटपुंज्या पगारावर दोन दशके कलकत्त्यात काढली. भारतातील पक्ष्यांविषयी त्याने लिहिलेल्या लांबलचक पत्रांतून डार्विनला जे मिळाले, त्याची त्याने आपल्या ग्रंथात ठिकठिकाणी नोंद केली आहे.

पूर्वज ठरला, पण तो घरी आला कोठे आणि केव्हा, हे ठरावयाचे होते. मोहेंजोदडोच्या उत्खननात कोंबडीवंशाची हाडे निघाली, मातीच्या काही आकृतीही कोंबड्यासारख्या वाटल्या. त्यामुळे विसाव्या शतकात दीर्घकाळ सिंधू संस्कृतीला कोंबडीचे माहेर मानले जाई. पुढे १९८८ मध्ये उत्तर चीनमधील हाडांवरून हा मान चीनकडे गेला आणि काळ आठ हजार वर्षांपर्यंत मागे नेण्यात आला. परंतु ती हाडे पुन्हा तपासून पाहता त्यांतील अनेक कोंबडीची नसून तिच्याशी नाते असलेल्या इतर रानपक्ष्यांची निघाली.

२०२० मध्ये आठशे त्रेसष्ट पक्ष्यांच्या संपूर्ण अनुवंशिक लिपीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तांबड्या रानकोंबड्याच्या पाच उपजातींपैकी जी उपजाती नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यात राहते, तिच्याशी पाळीव कोंबडीचे नाते सर्वांत जवळचे आहे, असे त्यातून दिसून आले. त्यानंतर दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, पुरातत्त्वज्ञांनी एकोणनव्वद देशांतील सहाशेहून अधिक स्थळांवरच्या हाडांचा फेरविचार करून आपला निष्कर्ष मांडला. निःसंशय पाळीव म्हणता येईल अशा कोंबडीची सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी सापडली आहेत, आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० असा आहे. त्यांतील पुष्कळ हाडे कोवळ्या पक्ष्यांची होती, आणि काही पक्षी मृतांच्या सोबत थडग्यात ठेवलेले होते. गाय, शेळी, मेंढी यांच्या मानाने पाहता कोंबडी ही आपल्या घरी फारच उशिरा आलेली पाहुणी आहे.

याच काळी ती का आली, याचे उत्तर संशोधकांनी धान्यात शोधले. रान तोडून, जाळून, पावसाच्या पाण्यावर भात व भरड धान्ये पेरण्याची रीत त्या प्रदेशात पसरली होती. तांबडा रानकोंबडा बांबूच्या व झुडपांच्या रानात राहतो, जमीन उकरून दाणे व किडे खातो. माणसाने रानाच्या पोटातच धान्याची शेते उघडली, खळी घातली, कोठारे बांधली, तेव्हा त्या पक्ष्याच्या दृष्टीने जणू त्याच्याच रानात कोणीतरी दाणे पसरून ठेवले. बेळगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत आणि गोव्याच्या घाटालगतच्या गावांत कुमेरीची शेती जिने पाहिली आहे अशा जुन्या पिढीला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. राब भाजलेल्या डोंगरउतारावर नाचणी, वरी पिकू लागली की रानातील पाखरे राखणदाराची झोप उडवीत. फरक एवढाच की पूर्वेकडील त्या वस्त्यांत काही पाखरे राखणदाराला हळूहळू भिईनाशी झाली. जी धीट होती ती खळ्यापाशी राहिली. जी भित्री होती ती रानात परतली. धीटांची पिल्ले आणखी धीट निघाली. पिढ्यानुपिढ्या ही निवड होत गेली, आणि ती माणसाने नव्हे, बव्हंशी पक्ष्यांनी स्वतःच केली.

सोन्नेराच्या राखी रानकोंबड्याला मात्र या कथेत अखेरीस एक वाटा मिळाला. घरगुती कोंबड्यांपैकी पुष्कळांचे पाय व कातडी पिवळी असते. तांबड्या रानकोंबड्यात हा पिवळेपणा नाही. २००८ मध्ये उप्साला विद्यापीठातील व इतर ठिकाणच्या संशोधकांनी दाखवून दिले की पिवळ्या कातडीला कारणीभूत असणारा अनुवंशिक अंश राखी रानकोंबड्याकडून आला आहे. म्हणजे पूर्वेकडून आलेली घरगुती कोंबडी भारतात पसरत असताना आपल्या रानातील राखी कोंबड्याशी तिचा संबंध आला, आणि त्या संबंधाची खूण आज जगभरातील कोट्यवधी कोंबड्यांच्या पायांवर आहे. डार्विनचा निर्णय बहुतांशी खरा ठरला, पण सर्वस्वी नव्हे.

भारतातून पश्चिमेकडे जाताना कोंबडी अन्न म्हणून गेली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ती नवलाची वस्तू म्हणून गेली. इसवी सनापूर्वी ४१४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'पक्षी' या प्रहसनात ॲरिस्टोफेनीस कोंबड्याला इराणी पक्षी म्हणतो. ग्रीकांना तो कोणत्या वाटेने मिळाला हे त्यावरून उमगते. २०२२ मध्येच युरोप व आसपासच्या प्रदेशांतील सर्वांत जुन्या मानल्या गेलेल्या तेवीस हाडांचे काळ किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने मोजण्यात आले. बहुतेक हाडे समजुतीपेक्षा पुष्कळ अर्वाचीन निघाली, आणि युरोपात कोंबडी इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास आली असे ठरले. तेथील आरंभीच्या कोंबड्या पूर्ण वयाच्या होऊन मेलेल्या, सुरीची खूण नसलेल्या, आणि नीट पुरलेल्या अशा सापडतात. ज्यूलियस सीझरनेही लिहून ठेवले आहे की ब्रिटनमधील लोक कोंबडा पाळतात तो मनोरंजनासाठी. तो खाणे ते निषिद्ध मानतात. कोंबडी मोठ्या प्रमाणात मांसासाठी पाळल्याचा आरंभीचा पुरावा मिळतो तो आजच्या इस्रायलमधील मारेशा या नगरात, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या ते दुसऱ्या शतकांतला.

आपल्याकडेही कोंबड्याला पाकशाळेआधी देवघराच्या आसपास जागा मिळाली. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा आहे. उत्तर गुजरातेतील बहुचरा माता कोंबड्यावर आरूढ आहे. बडोद्याच्या मराठी घरांतूनही तिच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, अनेक प्राण्यांना अभय दिले. त्यात कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. प्रजेने असे करू नये म्हणून राजाला दगडावर कोरून सांगावे लागले, यावरून तशी रूढी त्या काळी चांगलीच पसरलेली होती हे उघड आहे. माळव्यातील झाबुआ व धार या भागांतील भिल्लांनी कडकनाथ ही काळ्या पिसांची, काळ्या मांसाची कोंबडी पिढ्यानुपिढ्या जपली. इंदूरच्या बाजारात ती पूर्वीपासून ओळखीची आहे. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि साऱ्या देशांत कोंबडा हे घड्याळ होते. शुभवर्तमानांत पेत्राच्या कसोटीची वेळ सांगितली आहे ती कोंबड्याच्या आरवण्यावरून. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही आपली म्हण प्रत्येकाच्या तोंडी आहे. तिचा रोख अर्थात माणसाकडे आहे. परंतु कोंबडे झाकले तर काय होते, हा प्रयोग जपानमधील नागोया विद्यापीठात खरोखरच करून पाहण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवले होते. बाहेरचा दिवस त्यांना दिसत नव्हता, तरी त्यांचे आरवणे साधारण चोवीस तासांच्या अंतराने होतच राहिले. घड्याळ सूर्यात नव्हे, कोंबड्यातच आहे. पुढे त्याच संशोधकांना असेही आढळले की कळपातील सर्वांत वरिष्ठ कोंबडा प्रथम आरवतो व इतर आपापल्या पायरीने त्याच्या मागून.

परसातील कोंबडीने माणसाचे एक ऋण तर असे फेडले आहे की त्याची आठवण भात खाणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात बेरीबेरी या रोगाने सैनिक व कैदी मोठ्या संख्येने मरत होते. पायांतील शक्ती जाई, हृदय दुर्बळ होई. रोगजंतू शोधण्यासाठी डच सरकारने नेमलेला डॉक्टर क्रिस्तियान आइकमान हा बटाव्हिया येथील लष्करी इस्पितळातील प्रयोगशाळेत काम करीत होता. १८८९ मध्ये प्रयोगशाळेच्या कोंबड्यांना तशाच लक्षणांचा रोग जडला आणि काही महिन्यांनी तो आपोआप नाहीसा झाला. चौकशी करता असे समजले की मधल्या काळात नोकर त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उरलेला, सडून पांढरा केलेल्या तांदळाचा भात घालीत होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात नागरी कोंबड्यांना देण्याचे नाकारले, म्हणून त्यांना पुन्हा साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला, आणि त्या बऱ्या झाल्या. रोग जंतूंचा नव्हता. तो तांदळाचा कोंडा टाकून दिल्यामुळे होत होता. येथून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट उघडली आणि १९२९ मध्ये आइकमानला नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. एका आचाऱ्याच्या कंजूषपणाने आणि परसातल्या काही कोंबड्यांनी पुढे लक्षावधी माणसे वाचविली.

इथपर्यंतचा इतिहास हा एकमेकांच्या सोयीने चाललेल्या संसाराचा आहे. घरातील बाई सकाळी खुराड्याचे दार उघडी, कोंबडी दिवसभर आपले पोट आपण भरी, सायंकाळी परत येई. खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसवीत. घार आली की ती पिल्लांना पंखांखाली घेई. अंडी विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीचा असे आणि मुलांच्या पाटी-पुस्तकाला तो कामी येई. विसाव्या शतकात मात्र या नात्याने एकदम वळण घेतले, आणि त्याच्याही आरंभी एक अनाहूत पाहुणेच होते. १९२३ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सीलिया स्टील या गृहिणीने घरच्या अंड्यांसाठी पन्नास पिल्ले मागविली. चुकून पाचशे आली. तिने ती परत न पाठविता वाढविली आणि मांसासाठी विकली. नफा चांगला झाला. पुढच्या वर्षी तिने अधिक पिल्ले मागविली, शेजाऱ्यांनी तिचे अनुकरण केले, आणि केवळ मांसासाठी कोंबड्या वाढविण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला.

तेव्हापासून कोंबडीचे शरीरच बदलण्यात आले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ च्या वाणाची आणि २००५ च्या वाणाची पिल्ले एकच खाद्य देऊन वाढविण्यात आली. छप्पन्न दिवसांनी जुन्या वाणाचे वजन ९०५ ग्रॅम भरले, नव्या वाणाचे ४,२०२ ग्रॅम. रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम डझनभर अंडी घालते. आजची अंड्यांसाठीची कोंबडी तीनशेपर्यंत घालते. गरिबाच्या ताटात अंडे व मांस स्वस्त आले, हा लाभ लहान नाही, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्यासाठी जी किंमत द्यावी लागली ती कोंबडीने दिली. अंड्यांसाठी पाळलेल्या पुष्कळ कोंबड्यांना उभ्या आयुष्यात माती उकरावयास मिळत नाही, पंख पसरावयास जागा नसते. जो पक्षी माती उकरीत उकरीतच आपल्या दारी आला, त्याच्या पायांखालून आपण मातीच काढून घेतली.

मग परसातील गावठी कोंबडी संपली काय? एक काळ तसे वाटत होते. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली बर्ड फ्ल्यूची साथ उघडकीस आली, तेव्हा मोठ्या शेडमधील लाखो कोंबड्यांबरोबर आसपासच्या घरोघरच्या कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. शेडचा धंदा काही काळाने पुन्हा उभा राहतो. पण ज्या आदिवासी कुटुंबाची दहा कोंबड्या हीच ठेव, त्याला ती पुन्हा जमविण्यास किती काळ लागतो, हे धंद्याच्या हिशेबात येत नाही. तरीही २०१९ च्या पशुगणनेने एक वेगळे चित्र दाखविले. देशातील सुमारे पंच्याऐंशी कोटी कोंबड्या व तत्सम पक्ष्यांपैकी जवळजवळ बत्तीस कोटी परसातले होते. आणि आधीच्या गणनेच्या मानाने परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे शेहेचाळीस टक्क्यांनी वाढली होती, व्यापारी शेडमधल्यांची पाच टक्क्यांहूनही कमी. हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसात वाढवावयास योग्य असे 'वनराजा' आणि 'ग्रामप्रिया' हे वाण तयार केले आहेत. पाहुणी गेलेली नाही. तिला जागा दिली की ती राहते.

या कथेचा शेवट मात्र रानात आहे, आणि तो काळजी करावयास लावणारा आहे. कोंबडी जशी रानातून घरी आली, तशी ती घरातून रानातही जाते. हवाई बेटांतील कौआई येथे १९८२ आणि १९९२ मध्ये मोठी वादळे झाली, खुराडी मोडली, आणि सुटलेल्या कोंबड्या पॉलिनेशियन लोकांनी फार पूर्वी होड्यांतून आणलेल्या कोंबड्यांच्या वंशजांत मिसळल्या, असे सांगतात. तेथील पक्ष्यांत दोन्ही रक्ते आहेत हे २०१५ मध्ये तपासणीने सिद्ध झाले. आज त्या बेटावर घरोघरच्या अंगणांत हे कोणाच्याही मालकीचे नसलेले पक्षी फिरतात. तेथे ती एक गंमत आहे. आशियातील रानांत मात्र ती गंमत नाही. २०२३ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी शंभर वर्षांपूर्वी संग्रहालयात ठेवलेले रानकोंबडे व आजचे रानकोंबडे यांची तुलना प्रसिद्ध केली. आजच्या रानकोंबड्याच्या अनुवंशिक ठेव्यापैकी वीस ते पन्नास टक्के भाग पाळीव कोंबडीकडून आलेला आहे, असे त्यांना आढळले. रानाला लागून गावे वाढली, गावच्या कोंबड्या रानाच्या कडेला चरू लागल्या, आणि शुद्ध तांबडा रानकोंबडा कोणाला न कळत विरघळत चालला.

यात केवळ एका सुंदर पक्ष्याची हानी आहे असे नाही. उद्या एखाद्या नव्या साथीने एकसारख्या घडविलेल्या शेडमधील कोंबड्या मरू लागल्या, तर रोगाला तोंड देणारे गुण शोधावयास माणसाला ज्या मूळ भांडाराकडे जावे लागेल, ते भांडार म्हणजे हा रानकोंबडा होय. तो नाहीसा झाला तर मागे वळून पाहावयास काही उरणार नाही. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा अद्याप आपल्या रानात आपली बांग देत आहे. त्याची जाती निराळी, तरी पिवळ्या पायांची गोष्ट सांगते की तोही या देवघेवीच्या बाहेर नाही. त्याचे रान राखणे आणि रानालगतच्या गावांनी आपल्या कोंबड्या सायंकाळी खुराड्यात घेणे, एवढ्या साध्या गोष्टींवर पुष्कळ काही अवलंबून आहे.

परसात अनोळखी कोंबडी आली की घरातील मुले तिच्यापुढे मूठभर दाणे टाकतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी भाताच्या खळ्यावर कोणीतरी हेच केले असेल. रोमन कायद्याप्रमाणे तिचा जुना मालक शोधून काढणे हे पहिले कर्तव्य. तो न सापडला तर तिला पाणी, निवारा आणि उकरावयास थोडी माती देणे हे दुसरे. पेरूच्या फांदीवर बसलेली कोंबडी अंधार पडताच खाली आणून खुराड्यात घालावी, म्हणजे रात्रीचे भय राहत नाही. आणि पहाटे, तांबडे फुटण्यापूर्वी, शेजारचा कोंबडा आरवेलच.